स्टेंटच्या आतच पुन्हा अडथळा: औषध लावलेला फुगा पुरेसा आहे का?

वाचकाचे पत्र

माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. २०१९ साली त्यांच्या उजव्या हृदयधमनीत औषधी स्टेंट बसवला होता. गेल्या दिवाळीपासून जिना चढताना किंवा जेवून चालायला लागल्यावर त्यांच्या छातीवर दाब येतो आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत तो जातो. सांगलीत नुकतीच अँजिओग्राफी केली, तेव्हा जुन्या स्टेंटच्या आतच ८० टक्के आणि डाव्या बाजूच्या एका लहान शाखेत नवा ७५ टक्के अडथळा निघाला. डॉक्टर दोन्ही ठिकाणी नवा स्टेंट न घालता औषध लावलेला फुगा वापरू म्हणतात. पुण्याच्या काकांचे म्हणणे असे की फुगा ही जुनी पद्धत आहे, फुगा बाहेर काढला की धमनी पुन्हा मिटणार, आणि तरीही खर्च स्टेंटपेक्षा जास्त का सांगितला जातो. फुग्यावरचे औषध कर्करोगाचे असते असेही वाचनात आले. वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन या सगळ्यामुळे रखडले आहे. आम्ही काय ठरवावे?

— एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर

नमस्कार.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला उपाय मान्यताप्राप्त आहे, आणि तुमच्या काकांच्या शंकेलाही आधार आहे. मात्र पत्रात तुम्ही दोन अडथळ्यांविषयी मिळून एकच प्रश्न विचारला आहे, आणि घरातला गोंधळ बहुधा तिथूनच सुरू झाला असावा. स्टेंटच्या आत झालेला अडथळा आणि लहान शाखेतला नवा अडथळा यांची कारणे वेगळी, त्यांच्यावर झालेले अभ्यास वेगळे आणि त्यामुळे त्यांचे निर्णयही स्वतंत्रपणे घ्यायला हवेत. शिवाय ‘स्टेंट नको, फुगाच’ हा निर्णय संमतिपत्रावर सही करताना कायमचा ठरत नाही. साध्या फुग्याने धमनी उघडल्यानंतर ती आतून कशी दिसते यावर तो कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी जिथे करतात त्या खोलीच्या, टेबलावर ठरतो, आणि तो तिथे बदलू शकतो हे घरच्यांना आधी ठाऊक असले पाहिजे.

काकांच्या म्हणण्यापासून सुरुवात करू. हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून अडथळा उघडण्याचा पहिला प्रयोग आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे केला. त्या काळी फुगा साधा असे, आणि त्याच्या दोन अडचणी लवकरच लक्षात आल्या. फुग्याच्या दाबाने धमनीच्या अस्तराला चीर पडून ती काही तासांतच बंद होण्याचा धोका असे, आणि ते संकट टळले तरी दहापैकी तीन-चार रुग्णांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तीच जागा पुन्हा अरुंद होई. भिंतीला आतून टेकू देणारी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे प्रथम वापरली गेली आणि धमनी अचानक मिटण्याची भीती तिने बरीच कमी केली. परंतु जाळीच्या फटींतून पेशी आत वाढून अडथळा पुन्हा तयार होणे थांबेना, म्हणून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जाळीवरच औषधाचा लेप देण्यास सुरुवात झाली. तुमच्या वडिलांना २०१९ मध्ये बसवलेला स्टेंट याच प्रकारचा आहे. काका ज्या फुग्याविषयी बोलत आहेत तो १९८० च्या दशकातला साधा फुगा आहे, आणि त्या फुग्यापुरते त्यांचे म्हणणे खरेच आहे.

औषध लावलेला फुगा त्याच्या बराच नंतरचा. जर्मनीतील ब्रुनो शेलर आणि उलरिच श्पेक यांच्या गटाने असा विचार केला की धमनीला औषध हवे असते ते काही आठवड्यांसाठी आणि धातू मात्र आत राहतो आयुष्यभर, तर मग धातू मागे न ठेवता नुसते औषधच भिंतीपर्यंत पोहोचवता येईल का. २००६ साली त्यांनी स्टेंटमध्येच पुन्हा अडथळा झालेल्या ५२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काहींना साध्या फुग्याने आणि काहींना पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या फुग्याने उपचार दिले गेले. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी केली असता साध्या फुग्याच्या गटात ४३ टक्क्यांमध्ये आणि औषधाच्या फुग्याच्या गटात ५ टक्क्यांमध्ये धमनी पुन्हा अरुंद झालेली आढळली. रुग्णसंख्या लहान होती, पण फरक इतका मोठा होता की त्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य झाले नाही.

हे औषध काम कसे करते, ते थोडक्यात सांगतो. धमनी फुगवली की तिच्या भिंतीला जखम होते आणि ती जखम भरून काढण्यासाठी भिंतीतील स्नायुपेशी वाढू लागतात. ही वाढ गरजेपेक्षा जास्त झाली की जागा पुन्हा अरुंद होते. पॅक्लिटॅक्सेल ही वाढ रोखते. ते चरबीत सहज विरघळत असल्यामुळे ३० ते ६० सेकंद फुगा भिंतीला दाबून धरला की भिंतीत उतरते आणि पुढे काही आठवडे तिथेच टिकून राहते. सिरोलिमस हे दुसरे औषधही आता फुग्यांवर वापरले जाते. सुरतेची कॉन्सेप्ट मेडिकल ही कंपनी असा सिरोलिमसचा फुगा बनवते आणि तो भारताबाहेरही वापरात आहे. मात्र प्रत्येक फुग्यावरील लेपाची घडण निराळी असल्यामुळे एका फुग्याचे निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तुमच्या वडिलांसाठी कोणत्या औषधाचा आणि कोणत्या कंपनीचा फुगा वापरणार आहेत, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता उजव्या धमनीतील जुन्या स्टेंटकडे वळू, कारण वडिलांचा त्रास बहुधा तिथूनच येत असावा. इथे औषधी फुग्याची बाजू भक्कम आहे. स्टेंटच्या आत दुसरा स्टेंट घातला की धातूचे दोन थर होतात, धमनीची मोकळी जागा तेवढी आक्रसते आणि पुढे पुन्हा अडथळा झाला तर तिसऱ्या थरासाठी जागाच उरत नाही. अमेरिकेत ६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एजंट’ फुग्याच्या अभ्यासात, एका वर्षाच्या आत त्याच जागेमुळे पुन्हा उपचार, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण औषधी फुग्यानंतर १७.९ टक्के आणि साध्या फुग्यानंतर २८.६ टक्के होते. या अभ्यासाच्या आधारे २०२४ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयधमनीसाठीच्या औषधी फुग्याला प्रथमच परवानगी दिली. युरोपात आणि आपल्याकडे तो त्याआधी कितीतरी वर्षे वापरला जात होता.

पण इथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वरील दोन्ही अभ्यासांत औषधी फुग्याची तुलना साध्या फुग्याशी होती, औषधी स्टेंटशी नव्हती. स्टेंटशी तुलना करणाऱ्या अभ्यासांतील रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा असे दिसले की पहिला स्टेंट साध्या धातूचा असेल तर फुगा आणि नवा स्टेंट जवळपास सारखेच ठरतात, परंतु पहिला स्टेंट औषधी असेल तर पुन्हा त्याच जागी उपचार करण्याची वेळ नव्या स्टेंटनंतर काहीशी कमी येते. त्यामुळेच युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधी स्टेंटमधील अडथळ्यासाठी फुग्याच्या तुलनेत नव्या स्टेंटला पसंती दिली आहे. तुमच्या वडिलांचा पहिला स्टेंट औषधी आहे, म्हणून ही सूचना त्यांना लागू पडते. तरीही त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा ठरतो असे मी म्हणणार नाही. अडथळा लहान लांबीचा असेल, स्टेंटमधून एखादी महत्त्वाची शाखा फुटत असेल, किंवा गोळ्यांचा काळ आखूड ठेवायचा असेल, तर फुग्याकडे झुकणे समर्थनीय आहे. अशा वेळी डॉक्टरांना विचारावे ते इतकेच की ‘बाबांच्या बाबतीत तुम्ही फुग्याकडे का झुकलात?’ ज्यांनी विचार करून निर्णय घेतला आहे त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की २०१९ चा स्टेंट आतून अरुंद का झाला. कधीकधी पेशींची वाढ हेच खरे कारण असते आणि तिथे औषध उपयोगी पडते. पण पुष्कळदा मूळ स्टेंट त्या वेळी पुरता उघडलेलाच नसतो, कारण बाहेरची भिंत चुन्यासारख्या कॅल्शियमने टणक झालेली असते. अशा स्टेंटमध्ये औषधी फुगा लावला काय किंवा दुसरा स्टेंट घातला काय, चिमटलेली जागा चिमटलेलीच राहते. तिथे आधी जास्त दाबाचा फुगा किंवा ध्वनिलहरींनी कॅल्शियम फोडणारा फुगा वापरून जुना स्टेंट नीट फुलवावा लागतो. हा फरक अँजिओग्राफीच्या चित्रात खात्रीने कळत नाही. धमनीच्या आत सूक्ष्म कॅमेऱ्यासारखी तार घालून केलेल्या ओसीटी किंवा आयव्हीयूएस या तपासणीत तो स्पष्ट दिसतो. या तपासणीने खर्च वाढतो आणि सांगली-कोल्हापूरच्या प्रत्येक कॅथलॅबमध्ये ती असेलच असे नाही, पण स्टेंटच्या आतील अडथळ्यासाठी ती करून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. पैशांची ओढाताण असेल तर ती दुसऱ्या कशात तरी सोसावी, इथे काटकसर करू नये.

लहान शाखेचा विचार निराळा आहे. तिथे पूर्वी काही उपचार झालेला नाही आणि धमनी मुळातच बारीक आहे. मधुमेहात अशा बारीक आणि लांबवर खराब झालेल्या धमन्या नेहमी आढळतात, आणि त्यांत स्टेंट घातला की जाळीच्या जाडीनेच बरीच जागा व्यापली जाते. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील ७५८ रुग्णांवर झालेल्या ‘बास्केट-स्मॉल २’ या अभ्यासात ३ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या धमन्यांमध्ये औषधी फुगा आणि औषधी स्टेंट यांची थेट तुलना केली गेली. एका वर्षानंतर मृत्यू, झटका किंवा त्याच धमनीवर पुन्हा उपचार यांचे एकत्रित प्रमाण फुग्याच्या गटात ७.५ टक्के आणि स्टेंटच्या गटात ७.३ टक्के निघाले. तीन वर्षांनीही दोन्ही गट बरोबरीनेच होते. म्हणजे बारीक धमनीत धातू न ठेवण्याची मुभा आपल्याला पुराव्यानिशी मिळालेली आहे.

परंतु त्या शाखेच्या बाबतीत फुगा की स्टेंट याआधी मी वेगळाच प्रश्न विचारीन: तिथे काही करण्याची खरोखर गरज आहे का? ७५ टक्के हा आकडा बहुतेक वेळा डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज असतो. लहान शाखेतून हृदयाच्या स्नायूचा थोडाच भाग पोसला जातो, आणि त्या अडथळ्यामुळे रक्तप्रवाह खरोखर घटतो आहे की नाही हे दाब मोजणाऱ्या तारेने तपासता येते. एफएफआर या मापनात ०.८० किंवा त्याहून कमी आकडा आला तर अडथळा महत्त्वाचा समजतात. स्थिर स्वरूपाच्या त्रासात, म्हणजे श्रमाने येणाऱ्या आणि विश्रांतीने जाणाऱ्या दाबात, अँजिओप्लास्टीने आयुष्य वाढते असे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, त्यांत भारतातीलही होते, आणि चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. त्रास मात्र कमी झाला, आणि ज्यांना आधी जास्त त्रास होता त्यांना फायदाही जास्त जाणवला. वडिलांना जिना चढताना दाब येतो, म्हणून उजव्या धमनीवर उपचार करणे पटण्याजोगे आहे. तो झाल्यावर त्रास पूर्ण गेला, तर लहान शाखा गोळ्यांवर सोडून देता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे जरूर ठेवा. काही डॉक्टर स्वतःहून दोन टप्प्यांत काम करणे पसंत करतात. मधुमेहामुळे वडिलांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेले असेल तर एका बैठकीत धमनी दिसण्यासाठी सोडलेले रंगद्रव्य कमी द्यावे लागते, हाही टप्पे पाडण्याचा एक फायदा आहे.

काकांच्या शंकेचा एक भाग मात्र आजही खरा आहे. लहान-मोठ्या कोणत्याही धमनीत, पहिल्यांदाच झालेल्या अडथळ्यासाठी, स्टेंटऐवजी सरसकट औषधी फुगा वापरावा का, हे चीनमधील २,२७२ रुग्णांवर तपासले गेले. २०२४ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दोन वर्षांत हृदयाशी संबंधित मृत्यू, त्या धमनीमुळे झटका किंवा पुन्हा उपचार यांचे प्रमाण फुग्यानंतर ६.४ टक्के आणि स्टेंटनंतर ३.४ टक्के भरले. त्यामुळे ‘आता स्टेंटचा जमाना गेला’ अशी जी भाषा कुठे कुठे ऐकू येते ती मला घाईची वाटते. हा फरक मुख्यतः मोठ्या धमन्यांत दिसला; वडिलांची एक जागा जुन्या स्टेंटमधली आणि दुसरी बारीक शाखेतली आहे, एवढेच इथे लक्षात घ्यावे.

आता टेबलावर काय घडते ते सांगतो, कारण संमतिपत्रावर सही करताना हेच उपयोगी पडेल. औषधी फुगा हा अडथळा उघडण्याचे साधन नाही. उघडलेल्या जागेवर औषध पोहोचवण्याचे ते साधन आहे. भिंत नीट खरवडून न घेता वरून रंग दिला तर तो टिकत नाही, तसेच इथेही आहे. आधी साधा फुगा, गरज पडल्यास बारीक पाती असलेला किंवा उच्च दाबाचा फुगा वापरून जागा धमनीच्या मूळ व्यासाइतकी उघडावी लागते. त्यानंतर डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. शिल्लक अडथळा ३० टक्क्यांच्या आत आला आहे का, रक्त जोमाने वाहते आहे का, आणि अस्तराला पडलेली चीर किरकोळ आहे की रक्तप्रवाह अडवणारी आहे. लहानशी चीर पडणे अपेक्षितच असते आणि ती बहुधा आपोआप भरते. हे तिन्ही समाधानकारक असेल तरच औषधी फुगा आत जातो, तोही वाटेत न रेंगाळता, कारण वाहत्या रक्तात लेपाचे औषध धुऊन जाते. लहान शाखेत चीर खोल गेली किंवा धमनी लवचिकपणे पुन्हा मिटू लागली, तर तिथे स्टेंट घालणे हेच शहाणपणाचे असते. ‘फुगा सांगितला होता, मग स्टेंट का घातला’ असा वाद नंतर रुग्णालयाच्या दारात होताना दिसतो, आणि तो बहुतेकदा हे आधी न सांगितल्यामुळे होतो. वर दिलेल्या ‘बास्केट-स्मॉल २’ मध्येही ज्यांची धमनी साध्या फुग्याने समाधानकारक उघडली अशाच रुग्णांना घेतले होते. त्या अभ्यासाचे आकडे वाचताना ही अट सोडून चालत नाही.

पॅक्लिटॅक्सेल कर्करोगावर वापरले जाते हे तुम्ही वाचले ते खरे आहे. फरक मात्रेचा आहे. कर्करोगात ते एका वेळी शेकडो मिलिग्रॅम शिरेतून देतात, तर ३ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० मिलिमीटर लांबीच्या फुग्यावर ते साधारण अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते. केस गळणे, रक्तपेशी घटणे असे परिणाम इतक्या मात्रेने होत नाहीत. पायाच्या धमन्यांमध्ये, जिथे फुगे मोठे आणि मात्रा बरीच जास्त असते, २०१८ साली एका विश्लेषणाने मृत्यूचे प्रमाण वाढल्याची शंका उपस्थित केली होती आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सावधगिरीचा इशाराही दिला होता. अधिक काळाची माहिती जमल्यावर, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्रशासनाने असा वाढीव धोका दिसत नसल्याचे जाहीर केले. इंटरनेटवर जुने इशारे तसेच राहून जातात आणि नंतरचा खुलासा फारसा कोणी वाचत नाही.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध दर नियामक संस्थेने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधी स्टेंटसाठी ती तेव्हा करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये होती आणि त्यानंतर ती वेळोवेळी बदलत आली आहे. औषधी फुगा हा स्टेंट नसल्यामुळे या मर्यादेत येत नाही. वैद्यकीय उपकरणे एप्रिल २०२० पासून औषधांच्या व्याख्येत आल्याने छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढेच बंधन त्याच्यावर आहे. याखेरीज एका जागी वापरलेला औषधी फुगा दुसऱ्या जागी वापरता येत नाही, कारण त्याचे औषध संपलेले असते. दोन जागांना दोन फुगे लागतील आणि त्याआधीचे साधे फुगे वेगळे. म्हणून एकूण पॅकेजचा आकडा ऐकून परत न येता लेखी अंदाजपत्रक मागा, ज्यात प्रत्येक फुगा, ओसीटीची तार आणि लागलाच तर स्टेंट यांच्या किमती स्वतंत्र दाखवलेल्या असतील. स्टेंटचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्र दाखवणे २०१७ च्या त्याच आदेशाने बंधनकारक केले आहे. फुग्याच्या पाकिटावरचा स्टिकरही फाइलमध्ये लावून घ्यावा, रुग्णालये ते सहसा करतात. आरोग्य विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जात औषधी फुग्याचा उल्लेख हवा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी तीच रक्कम अमान्य होऊन स्वतःच्या खिशातून भरावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल, तर त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे हा फुगा मंजूर होणाऱ्या उपचारांत बसतो का, ते दाखल होण्यापूर्वी विचारून घ्या.

हर्नियाच्या बाबतीत फुग्याचा खरा फायदा दिसू शकतो. स्थिर त्रासासाठी नवा औषधी स्टेंट बसवला की अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी अशी जोडी साधारण सहा महिने चालू ठेवावी लागते. लहान शाखेत केवळ औषधी फुगा वापरला असेल तर हा काळ एका महिन्यापर्यंत आणता येतो. जुन्या स्टेंटच्या आत फुगा वापरल्यावर मात्र अनेक डॉक्टर त्याहून जास्त काळ ठेवतात, त्यामुळे ‘फुगा म्हणजे एकच महिना’ असे गृहीत धरून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. हृदयविकाराचा झटका येऊन उपचार झाले असतील तर हा हिशेब पुन्हा बदलतो आणि सहसा वर्षभराची मुदत सांगितली जाते. सुदैवाने वडिलांच्या वर्णनात तसे काही नाही. जोडीतील दुसरी गोळी थांबवण्याची तारीख हृदयरोगतज्ज्ञांनी डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यावी आणि तेच कार्ड शल्यचिकित्सकांना दाखवावे. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी अॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवता येते. दात काढायचा आहे, उपवास आहे किंवा खरचटल्यावर रक्त जास्त वाहिले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे, हे पहिल्या काही आठवड्यांत विशेष धोक्याचे असते. दुसरीकडे, हर्निया एकाएकी कडक होऊन दुखू लागला, आत जाईनासा झाला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर हृदयाचे कारण सांगत घरी थांबू नका. ती तातडीची शस्त्रक्रिया असते आणि गोळ्या चालू असतानाही ती करता येते.

फुगा लागो वा स्टेंट, वडिलांच्या धमन्यांमध्ये नवे अडथळे होऊ न देण्याचे काम दोन्हींपैकी कोणीच करत नाही. त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल ५५ मिलिग्रॅमच्या खाली आहे का, तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे, आणि तंबाखू किंवा मशेरी कुठल्याही रूपात चालू आहे का, याची उत्तरे पुढच्या भेटीत मागा. २०१९ नंतर ‘आता स्टेंट घातला आहे’ म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलेली तर नाही ना, हेही घरात एकदा विचारून पाहा. असे वारंवार घडते. विश्रांतीतही दाब येऊ लागला, थोड्या चालण्याने येऊ लागला किंवा वीस मिनिटांनंतरही गेला नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

दुसरे मत घ्यायचे असेल तर अवश्य घ्या, त्याला घाई आड येत नाही, कारण वडिलांचा त्रास सध्या स्थिर आहे. त्यासाठी नुसता अहवाल नेऊन भागणार नाही, अँजिओग्राफीची सीडी न्या. तिच्याबरोबर २०१९ च्या स्टेंटचे कार्ड हवे, कारण त्यावर स्टेंटची लांबी आणि व्यास छापलेला असतो, आणि तो त्या वेळी पुरता उघडला होता का, हे ठरवताना याच आकड्यांशी तुलना करावी लागते. कार्ड सापडत नसेल तर ज्या रुग्णालयात तो बसवला तिथल्या नोंदणी विभागात लेखी अर्ज करा. नियमाप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षेच जपाव्या लागतात, त्यामुळे मिळतीलच अशी हमी नाही, पण कॅथलॅबच्या संगणकात जुन्या फिल्म पुष्कळदा शिल्लक असतात.